घरचा सौना : जेंताक, काळा पाषाण आणि शिवणीची फळी

सौना म्हणजे कोरड्या उष्णतेची लाकडी खोली. आतली हवा ७० ते ९० अंश सेल्सिअस, दमटपणा अगदी कमी, कोपऱ्यात दगडांची भट्टी आणि बसायला उंच बाक. फिनलंडची सौना-परंपरा २०२० साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ते योग्यच झाले. पण एवढ्यावरून ही खोली आपल्याला परकी ठरत नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला जेंताक हा सौनाच आहे.

जेंताकाचे वर्णन एखाद्या स्थापत्यकाराने लिहावे तसे आहे. तळ्याच्या काठी, पाण्यापासून सात-आठ अरत्नी अंतर सोडून, पूर्वेला किंवा उत्तरेला तोंड करून गोल घर बांधायचे. अरत्नी म्हणजे कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंतचे माप, जेमतेम दीड फूट. घराची उंची आणि रुंदी फार तर सोळा अरत्नी. भिंती मातीने लिंपलेल्या, खिडक्या पुष्कळ. भिंतीलगत, दारापर्यंत फिरवत नेलेला, एक अरत्नी रुंद व तेवढाच उंच ओटा. मधोमध पुरुषभर उंचीचा मातीचा निखाऱ्यांचा खांब, बारीक छिद्रांचा आणि वर झाकणाचा. त्यात खैराची लाकडे पेटवायची आणि धूर पूर्ण गेल्यावर, अंगाला तेल लावून आत शिरायचे. ग्रंथकाराची काळजी पुढे दिसते. घेरी आली तरी ओटा सोडू नये, कारण ओट्याच्या आधारानेच दार सापडते. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्याला जवळ करू नये. थोडे थांबून कोमट पाण्याने स्नान करावे, मग जेवावे. जागा, माप, इंधन, धूर, वारा, बाहेर पडण्याची वाट असे सारे प्रश्न त्यात आले आहेत, आणि आजचा घरचा सौना बांधतानाही तेच सोडवावे लागतात.

मधला इतिहास थोडक्यात. सुश्रुताने स्वेदाचे ताप, ऊष्म, उपनाह आणि द्रव असे चार प्रकार मानले. मोगलांनी हमाम बांधले. बऱ्हाणपूरचा शाही हमाम आजही पाहता येतो. १९४६ साली गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि बाळकोबा भावे व मणिभाई देसाई यांनी ते चालवले. त्या परंपरेने वाफेचे स्नान मराठी घरांच्या ओळखीचे केले. घरात तर बाळंतिणीच्या बाजेखालची गोवऱ्यांची शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी होतीच. अंगणाच्या कडेची न्हाणी गेली, तांब्याचा बंब मोडीत गेला, आणि उष्णता हे औषध आहे ही समजही त्यांच्याबरोबर विरली.

डोके बाहेर ठेवून बसण्याची वाफेची पेटी म्हणजेच सौना, असे सांगणारे आजही पुष्कळ आहेत. हा घोळ निस्तरला पाहिजे. पेटीतली हवा वाफेने भरलेली असते, अंगावरचा घाम वाळत नाही, म्हणून ४५ अंशांच्या आसपासच जीव कासावीस होतो. सौनात हवा कोरडी असल्याने घाम झटपट वाळतो आणि ८० अंशही सोसतात. नागपूरचा मे महिना आणि कोकणातला मे महिना यांत हाच फरक आहे. पेटी वाईट नाही, पण ते वेगळे साधन आहे. दुसरा आक्षेप असा की, ज्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला, तिथे सौना हवा कशाला? याच शहरात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, हे आक्षेप घेणारे विसरतात. नागपूरचा सौना दिवाळीपासून होळीपर्यंतचा. उन्हाळ्यात तो बंदच ठेवावा.

जागा तळमजल्यावर, न्हाणीघराला लागून घ्यावी. अंगणात स्वतंत्र खोली बांधायची तर पायाकडे नीट पाहावे. चरकाने काळी, गोड माती प्रशस्त मानली आहे. मात्र विदर्भातली कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि हलक्या बांधकामाला तडे पाडते. ती काढून मुरूम भरावा, धुम्मस करावे, वाळवीचा बंदोबस्त करावा आणि मगच जोते उचलावे. दोघातिघांसाठी पाच फूट बाय सहा फूट पुरते. उंची सात फुटांपेक्षा जास्त नको, कारण उष्णता वर जाऊन छताशी साचते आणि पाय गार राहतात. त्याच कारणाने वरचा बाक छतापासून साडेतीन-चार फुटांवर असावा.

विटांच्या भिंतीला आतून पट्ट्या ठोकून रॉकवूल भरतात, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा-कागद चिकटपट्टीने सांधून लावतात, थोडी पोकळी सोडतात आणि मग फळ्या बसवतात. कागद आतल्या, उष्ण बाजूलाच हवा. नाही तर वाफ रॉकवूलमध्ये मुरते. स्वस्त म्हणून थर्मोकोल भरणारे आहेत. तो या उष्णतेत मऊ पडतो, त्याला थारा देऊ नये. प्लायवूड, पॉलिश आणि वार्निशही नको.

लाकडाच्या बाबतीत सागवानाचा हट्ट सोडावा. बल्लारशाचा साग भिंतीला उत्तम, पण बाकासाठी शिवण घ्यावी. शिवणीचे लाकूड सागापेक्षा हलके असते, म्हणून उघड्या त्वचेला कमी चटकते, शिवाय ते सहसा वाकत नाही. लकडगंजात चांगली वाळलेली, गाठी नसलेली फळी पारखून घ्यावी. एका फळीची जीभ दुसरीच्या खाचेत घट्ट बसली पाहिजे आणि बाकाचे स्क्रू खालून मारलेले हवेत, कारण तापलेल्या लोखंडाचा डाग पडतो. हाताने असा सांधा करणारे सुतार आता दुर्मीळ होत चालले आहेत. त्यांच्या जागी खोक्यातून येणारी तयार केबिन आली आहे. ती दोन तासांत उभी राहते. मात्र तिच्या पातळ भिंती उष्णता धरत नाहीत.

दगड विकत आणायची गरज नाही. नागपूर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांच्या पूर्व कडेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडीही काळ्या पाषाणाचीच. मात्र भोके असलेला किंवा पांढऱ्या गारगोट्या भरलेला दगड तापल्यावर फुटतो. हातोडीने ठोकल्यावर खणखणीत वाजणारा, सलग पोताचा, मुठीएवढा दगड निवडावा. चेहऱ्यापासून दूर, उघड्यावर तो चुलीत चांगला तापवून पाण्यात टाकावा. तडकला नाही तर कामाचा. मोठे दगड खाली, लहान वर, आणि मध्ये हवा खेळेल इतकी सैल रचना.

साधारण एका घनमीटरला एक किलोवॅट हा भट्टीचा ढोबळ हिशेब. वरच्या मापाच्या खोलीला सहा किलोवॅट लागतात, म्हणजे २३० व्होल्टवर २६ अँपिअर. त्यासाठी स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखणारे आरसीसीबी, ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि भरवशाचे अर्थिंग हवे. आतली वायर उष्णता सोसणारीच घ्यावी. महावितरणकडून मंजूर भार आधी तपासावा. खोली तापायला अर्धा-पाऊण तास लागतो; भट्टी तासभर पूर्ण चालली तर सहा युनिट.

ताजी हवा भट्टीजवळून आत यावी आणि समोरच्या भिंतीतून बाहेर जावी. दार बाहेर उघडणारे असावे. त्याला कडी, कोयंडा, कुलूप काहीही लावू नये. ढकलले की उघडले पाहिजे.

एका वेळी दहा-पंधरा मिनिटे, मग बाहेर येऊन विश्रांती, पाणी, आणि वाटल्यास दुसरी फेरी. चरकाने गर्भवती, रोज मद्य घेणारे, रक्तपित्त, अतिसार व मधुमेहाचे रोगी यांना स्वेदन वर्ज्य सांगितले आहे. हृदयरोग किंवा रक्तदाब असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावे. पूर्व फिनलंडमधील २,३१५ पुरुषांच्या सुमारे वीस वर्षांच्या पाहणीत, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत आकस्मिक हृदयमृत्यू कमी आढळले. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. शिवाय ती माणसे लहानपणापासून सरावलेली होती.

देखभालीचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. जून ते सप्टेंबर बंद खोलीत बुरशी धरते, म्हणून आठवड्यातून एकदा भट्टी तासभर रिकामी चालवून दार उघडे टाकावे. दगडांवर बोअरचे पाणी कधीच ओतू नये; त्यातले क्षार दगडावर आणि कॉइलवर पांढरे थर धरतात. पेंचहून येणारे नळाचे पाणी बरे. प्रत्येक वापरानंतर बाक ओल्या फडक्याने पुसावेत, काळे पडलेले ठिकाण बारीक कागदाने घासावे, साबणाचा फेस लाकडात मुरू देऊ नये. दसरा झाला की दगड बाहेर काढून धुवावेत, भुसभुशीत झालेले फेकून द्यावेत, वायरचे स्क्रू इलेक्ट्रिशियनकडून आवळून घ्यावेत आणि पहिल्या दिवशी कुणालाही आत न बसवता खोली एकदा पूर्ण तापवावी.