बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफल : रचनेतील गुण व मर्यादा

भारतीय परवानाधारकांना परिचित असलेली ३१५ बोरची रायफल ब्रिटिश ली-एनफिल्डच्या रचनेवर आधारित आहे. तिच्या बोल्टला जखडणारे खुंट मागील बाजूस असल्याने बोल्टचा प्रवास आखूड होतो. मूठही सुमारे ६० अंशच फिरवावी लागते. परिणामी दुसरी गोळी त्वरेने झाडता येते. मात्र स्फोटाच्या दाबाखाली बोल्ट किंचित दबतो, म्हणून अतिशक्तिशाली काडतुसांसाठी ही रचना अयोग्य ठरते. १८९८ च्या जर्मन माउझरचे मुख्य खुंट पुढे, काडतुसालगत असतात. ती अधिक भक्कम, परंतु मूठ ९० अंश फिरवावी लागते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये शिकारीस बंदी आहे. महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरासही परवानगीविना मारता येत नाही. अशी परवानगी मिळाल्यावर जखमी जनावर निसटल्यास धोका शेतकऱ्यालाच असतो. तेथे दुसऱ्या गोळीची त्वरा भक्कमपणाइतकीच मोलाची ठरते.