वडूजच्या मातीतले गलाईवाले

सह्याद्रीचा पाऊस खटाव तालुक्यातल्या वडूजपर्यंत येता येता आटतो. येरळा नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडीच. खटाव, माण, खानापूर, आटपाडी या तालुक्यांत ज्वारी-बाजरीवर घर चालेना, तेव्हा पोरं बाहेर पडली. कुणी मुंबईच्या गिरणीत गेलं, कुणी माथाडी झालं आणि बरीचशी सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे जुने दागिने गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यात, शिरली. आज केरळपासून दिल्लीपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत गलाईचं दुकान दिसलं, तर मालकाला गाव विचारून बघा. ते बहुधा याच पट्ट्यातलं निघतं.

दुकान म्हणजे पुष्कळदा बोळातली एक खोली. भट्टी, मुशी, सांडशी, काटा. सराफ जुना दागिना आणतो. 22 कॅरटचा असला तरी त्यात सोनं 91.6 टक्केच, बाकी चांदी-तांबं. सोन्याचं प्रमाण जास्त असलं की तेजाब आत शिरत नाही. म्हणून दागिना वितळवताना त्यात आणखी चांदी किंवा तांबं घालून सोन्याचा वाटा चौथाईवर आणतात. शुद्ध करण्यासाठी आधी भेसळ वाढवायची, ही या कामातली खरी अक्कल. रस पाण्यात ओतून दाणे पाडतात, ते तेजाबात उकळतात. तांबूस धूर उठतो, चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी विटकरी गाळ उरतो. नवख्याला ती मातीच वाटेल. तो गाळ धुऊन, सवागी (टाकणखार) घालून 1064 अंशांपुढे तापवला की पिवळंधमक सोनं हाती येतं. उरलेल्या तेजाबाच्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदीही सुटते. दुकानातली झाडलोटसुद्धा फेकत नाहीत, तिच्यातही कण असतात.

हे शिक्षण कुठल्या शाळेत मिळत नाही. पोरगा मामाच्या नाहीतर चुलत्याच्या दुकानात राहतो, भट्टी सांभाळतो, हळूहळू कस ओळखू लागतो. मग भावकीतून उसनवारी करून दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकतो. परमुलखातला सराफ त्याच्या हाती लाखोंचं सोनं सोपवतो ते काट्यावर आणि शब्दावर. यातूनच काहीजण पुढे स्वतः सराफ झाले, पेढ्यांचे मालक झाले. शून्यातून उठलेल्या एकेकट्या शेठचं आपण कौतुक करतो. इथे मात्र एकाने दुसऱ्याला हात देत गावंच्या गावं उठली, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं.

त्या पैशानं गावाकडे बंगले आले, विहिरी आल्या, देवळांचे जीर्णोद्धार झाले. तेजाबाचा धूर मात्र वर्षानुवर्षं छातीत जातो. धूर ओढणारा चांगला पंखा प्रत्येक भट्टीवर बसायलाच हवा, आणि त्यासाठी सराफांनीही पदरचं काही घालावं.