मानेचे मणके व शस्त्रवैद्याची निवड

घरांतील वडीलधाऱ्यांना सदऱ्याचीं बटणें लावतां येईनात, अक्षर बिघडलें, चालतांना तोल जाऊं लागला, म्हणजे 'वय झालें' असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. आमच्या मतें हें स्वस्थ बसणेंच घातक होय. मानेच्या सात मणक्यांमधून जाणारा मज्जारज्जु दाबला गेला असतां हींच लक्षणें दिसतात. मान दुखतेच असें नाहीं. एम. आर. आय. तपासणींत दाब दिसतो. गेलेली शक्ति शस्त्रक्रियेनें पूर्ण परत येईलच असा भरंवसा नसतो, म्हणून विलंब महाग पडतो.

मग जावें कोणाकडे? मेंदू व मज्जारज्जूचे शस्त्रवैद्य आणि मणक्यांचें विशेष शिक्षण घेतलेले अस्थिशल्यविशारद, हे दोघेही हें काम करतात. तेव्हां पदवीच्या अक्षरांबरोबर अनुभवही पाहावा. मानेच्या अशा किती शस्त्रक्रिया आपण वर्षास करतां? पुढून कराल कीं मागून, आणि कां? आवाजास व गिळण्यास धोका कितपत? शस्त्रक्रिया न केल्यास काय होईल? हे प्रश्न विनयानें पण स्पष्टपणें विचारावे. दुसऱ्या वैद्याचें मत घेण्याची गोष्ट काढतांच जो रुष्ट होतो, त्याच्या हातीं वडिलांची मान देऊं नये.