साहेबाचा जाच आणि कायदा

नवी मुंबईतल्या सारसोळ्यातून रोज सकाळी कितीतरी माणसं डबा घेऊन शिरवणे-तुर्भ्याच्या एमआयडीसीत जातात. तिथे साहेबाने सगळ्यांदेखत आईवरून शिवी घातली, तर? नुसत्या जाचासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. तो व्हायलाच हवा. तरी वाटा आहेत.

त्याच रात्री वहीत तारीख, वेळ, नेमके शब्द आणि शेजारी कोण उभं होतं ते लिहा. मग व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. पोच नसली की ‘अर्ज मिळालाच नाही’ म्हणणं फार सोपं जातं. 20 किंवा अधिक कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती असावीच लागते; अर्ज तिच्याकडेही देता येतो.

स्त्रीचा लैंगिक छळ झाला तर 2013चा कायदा पाठीशी आहे. 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती, नाहीतर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार 3 महिन्यांत करायची. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटी कायदा. मारहाण, धमकी असेल तर पोलीस ठाणं. नुसती एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली तरी तिची प्रत मागून घ्या.

कामावरून काढलं तर कामगाराला कामगार आयुक्त कार्यालयात दाद मागता येते. पण राजीनामा दिला की ‘मला काढलं’ म्हणणं अवघड जातं. म्हणूनच दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका.