घर आपले, किल्ली परक्याची

आमच्या निंबोल्याच्या परिसरात असीरगडाचे नाव ऐकले नाही असे मूल सापडावयाचे नाही. दख्खनचे द्वार म्हणून गाजलेला हा दुर्ग फारुकी घराण्याच्या हाती कसा आला, याची कथा फरिश्ता या इतिहासकाराने नोंदविली आहे. गडाचा धनी आसा अहीर याच्यापाशी नसीरखान फारुकीने आपल्या घरच्या स्त्रियांसाठी आश्रय मागितला. उदार आसाने तो दिला. डोल्या गड चढून आल्या, दरवाजे सन्मानाने उघडले गेले आणि डोल्यांचे पडदे सरताच आतून सशस्त्र शिपाई बाहेर पडले. तट अभेद्य होता. पण दार आतल्या माणसानेच उघडले होते.

संगणकाच्या जगात आज हाच डाव खेळला जातो. ‘रॅन्समवेअर’ या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर विषाणू असाच पाहुण्याच्या वेषात आत शिरतो, घरातील फाइलींना कुलपे ठोकतो आणि पडद्यावर चिठ्ठी लावतो: इतके पैसे द्या, किल्ली देऊ. फाइल डोळ्यांपुढे दिसते, परंतु उघडत नाही. कोणी म्हणेल, हे बँकांचे आणि कंपन्यांचे दुखणे. खेडोपाडीच्या कुटुंबांना त्याचे काय? पण महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या नांदणाऱ्या आपल्या घरांनी आजोबांच्या मोडी कागदांची छायाचित्रे, कुलवृत्तांत, मंगलकार्यांच्या आठवणी, केळीच्या बागेचा जमाखर्च, मुलांच्या गुणपत्रिका हे सारे आता संगणकाच्याच स्वाधीन केले आहे. त्यातील पुष्कळसे एकदा गेले की पैसे मोजूनही पुन्हा मिळणारे नाही.

हा धंदा तसा जुना आहे. १९८९ साली जोसेफ पॉप नावाच्या एका अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने एड्स या रोगाची माहिती देण्याच्या मिषाने सुमारे २० हजार फ्लॉपी टपालाने धाडल्या. त्या वापरणाऱ्यांचे संगणक काही काळाने अडू लागले आणि पनामातील एका टपालपेटीवर १८९ डॉलर पाठविण्याची मागणी पडद्यावर उमटली. ते कुलूप कच्चे होते. जाणकारांनी त्यावर लवकरच तोड काढली. आजची कुलपे तशी नाहीत.

आजच्या कुलपाची रचना एका दृष्टान्ताने ध्यानात येईल. दाबताच बसणारे कुलूप कोणालाही लावता येते. उघडण्यास मात्र किल्ली लागते. विषाणू प्रथम एका तात्पुरत्या किल्लीने फाइलींतील मजकुराची अक्षरे विस्कटून टाकतो, मग ती किल्ली एका पेटीत ठेवून पेटीला असे दाबाचे कुलूप लावतो. त्या पेटीची किल्ली दूरदेशी बसलेल्या खंडणीखोराजवळ असते. ती आपल्या संगणकात कधी आलेलीच नसते. जाता जाता हा विषाणू विंडोजने स्वतः जपून ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही बहुधा पुसून टाकतो. कुलूप नीट घडविलेले असेल, तर अंदाजाने किल्ल्या लावून पाहण्यात आयुष्ये जातील.

मग ह्या डोल्या गडावर येतात कोठून? पहिली वाट ई-मेलची. बिल, नेमणूकपत्र, न्यायालयाची नोटीस असे नाव असलेली जोडफाइल उघडावी आणि ‘मॅक्रो चालू करा’ ही सूचना पाळावी, की काम झाले. दुसरी वाट फुकट्या सॉफ्टवेअरची. चोरून उघडलेले टंकलेखनाचे वा हिशेबाचे सॉफ्टवेअर उतरवून घेण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. स्टॉप-डीजेव्हीयू नावाचे विषाणूंचे कुटुंब मुख्यतः याच वाटेने घरगुती संगणकांत पसरले. तिसरी वाट दुरून संगणक चालविण्याच्या सोयीची; तेथे पासवर्ड सोपा असला की दार उघडेच. आणि चौथी, जुन्या प्रणालीतील न बुजविलेल्या भगदाडांची. १२ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या वॉनाक्राय विषाणूने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक ग्रासले. ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. पुष्कळांनी ती लावलीच नव्हती.

त्यानंतर दीडच महिन्याने संकट महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागले. २७ जून २०१७ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्क या डॅनिश समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या धक्क्याचे कामकाज ठप्प झाले. बंदरात कोणी काही गैर केले नव्हते. युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत नॉटपेट्या नावाचा विषाणू लपला होता; तो मर्स्कच्या जाळ्यात शिरला आणि संगणकांतील पासवर्ड चोरीत देशोदेशी पोहोचला. पडद्यावर ३०० डॉलरची मागणी होती; पण ती निव्वळ सोंग ठरली. त्या विषाणूच्या कुलपाला किल्ली घडविलेलीच नव्हती. ज्यांनी पैसे भरले, त्यांचे पैसेही गेले आणि फाइलीही.

मर्स्कला १० दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. पण सर्व जाळ्याची नामावली आणि अधिकार सांभाळणारे सर्व्हर जगभर एकदमच नष्ट झाले होते. अखेर एक प्रत सुखरूप सापडली ती आफ्रिकेतील घाना देशात. हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेल्यामुळे तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता! वीज गेली की त्रागा करणाऱ्या आम्हां मंडळींना ही हकिगत गमतीची वाटेल. परंतु या साऱ्या विषयाचे सार तिच्यात आहे. जी प्रत जाळ्याला जोडलेली नव्हती, तीच वाचली. आपल्याकडेही २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर असाच घाला पडला, रुग्णांच्या नोंदी हाताने लिहिण्याची पाळी आली. आणि तेथील माहिती परत मिळाली ती विषाणूचा हात न पोहोचलेल्या राखीव सर्व्हरवरूनच.

आता प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करावे? प्रथम एक भेद जाणून घ्यावा. विषाणू काढणे आणि फाइली उघडणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. चोराला हुसकावले म्हणून त्याने लावलेले कुलूप आपोआप निघत नाही. चिठ्ठी दिसताच इंटरनेटची तार काढावी, वायफाय बंद करावे, पेन ड्राइव्ह आणि जोडलेल्या डिस्क अलग कराव्यात. संगणक जाळ्यातून तोडता आला, तर लगेच बंद करण्याची घाई नको; क्वचित किल्लीचा अंश स्मरणात उरलेला असतो. चिठ्ठीचे आणि फाइलींच्या नावांपुढे लागलेल्या नव्या शेपटीचे छायाचित्र घ्यावे. १९३० या दूरध्वनीवर अथवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. त्यानंतर दुसऱ्या, निरोगी संगणकावरून ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाकडे जावे. युरोपोल, डच पोलीस आणि सुरक्षा-कंपन्या यांनी तो २०१६ साली सुरू केला. चिठ्ठी व एखादी कुलूपबंद फाइल दाखविली की विषाणूचे कुळ कळू शकते, आणि किल्ली हाती आलेली असेल तर ती विनामूल्य मिळते. आज नसेल, तर कुलूपबंद फाइली वेगळ्या डिस्कवर जपून ठेवाव्यात. टोळ्या पकडल्या गेल्यावर वर्षांनीही किल्ल्या सापडल्याची उदाहरणे आहेत.

मूळ संगणकातील विषाणू अँटिव्हायरसने काढता येतो. पण आमच्या मते डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसविणे हेच निर्धोक. पासवर्ड सारे बदलावेत आणि मगच राखीव प्रतीवरून फाइली परत आणाव्यात. खंडणी देऊ नये. किल्ली मिळेलच असा भरवसा नाही, आणि दिलेला पैसा पुढच्या घरफोडीचे भांडवल होतो.

हे सर्व उपाय अखेर राखीव प्रत असेल तरच शोभतात. महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर, लेकीच्या वा भावाच्या घरी असावी. प्रत काढून झाली की डिस्क सोडवून कपाटात ठेवावी. जोडलेलीच राहिली तर तिलाही कुलूप बसेल. ती प्रत उघडते ना, हेही अधूनमधून पाहावे. विंडोजच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी लावाव्यात. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी वतनाचे कागद रेशमी रुमालात बांधून जपले, म्हणून आपले गाव आणि मूळ पुरुष कोण हे आपल्याला ठाऊक आहे. आजचा रुमाल म्हणजे काही हजार रुपयांची एक डिस्क आणि महिन्यातून अर्धा तास. पुढच्या अमावास्या-पौर्णिमेची वाट न पाहता येत्या रविवारीच तो बांधावयास घ्यावा, एवढीच वाचकांस विनंती.