ब्रेक ‘अचानक’ जात नाही

घाटात ब्रेक फेल झाल्याची बातमी वाचली की गाडी जुनी होती, वेळ वाईट होती, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ब्रेक असा एका क्षणात क्वचितच जातो. जुन्या मारुती ८००चं, इंडिकाचं किंवा सुमोचं पेडल त्याआधी बरेच दिवस तक्रार करत असतं. ते मऊ लागतं, खोल जातं, दगडासारखं कडक होतं किंवा पायाखाली थरथरतं, आणि या प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. गॅरेजात मात्र पुष्कळदा एकच उत्तर मिळतं, ‘पॅड बदलून टाका.’ पॅड नवे होतात, पैसे जातात आणि दुखणं तिथंच राहतं.

सगळ्यात घातक गैरसमज ब्रेक ऑइलचा. डबीतली पातळी बरोबर आहे म्हणजे ऑइल चांगलं आहे. कमी झालं तर वरून भरायचं, बदलायचं कशाला? प्रत्यक्षात नेहमीचं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषत राहतं. झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून तो आत शिरतोच. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. शहरातल्या वापरात हा फरक कळत नाही. आंबोलीचा उतार सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर मात्र चाकाजवळचं जुनं ऑइल उकळून त्याची वाफ होऊ शकते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल थेट तळाला टेकतं. गाडी बाजूला उभी राहते, सगळं थंड होतं, वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक लागायला लागतो. खाली मेकॅनिक तपासतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही. तो खोटं बोलत नसतो, त्या वेळी दोष खरोखरच दिसत नाही. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवं भरायलाच हवं. ते काळपट, गढूळ दिसत असेल तर तेवढीही वाट पाहू नका.

पातळी कमी होण्याचाही अर्थ नीट लावायला हवा. पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात आणि डबीतलं ऑइल हळूहळू उतरतं. ही गळती नव्हे. आठ-पंधरा दिवसांत पातळी खाली गेली, तर मात्र चारही चाकांच्या आतली बाजू बघा, मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आधी. आणि त्या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाऊ देऊ नका. त्याने आतली रबरं फुगतात आणि मग सगळीच किट बदलावी लागतात.

‘उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं’ हे अजूनही ऐकू येतं, आणि दर वेळी काळजी वाटते. ब्रेकचा बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा मदत मिळते, नंतर पेडल कडक होतं आणि सगळी ताकद पायालाच लावावी लागते. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बरोबर आहे. बूस्टरची परीक्षा घरीच होते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, कडक झालं की पाय तसाच ठेवून गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही, तर बूस्टर, त्याचा पाईप किंवा पाईपमधला व्हॉल्व्ह बघावा लागेल. पॅडचा इथे संबंध नाही.

‘कुठे गळत नाही, मग मास्टर सिलिंडर ठीकच असणार’ हाही असाच समज. पेडल एकसारखं दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर थेंबही नसेल, तर ऑइल आतल्या सीलवरून मागे जात आहे. पेडल स्पंजासारखं लागून पंप केल्यावर वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा असण्याची शक्यता जास्त. खोल जाऊन दुसऱ्या दाबाला टणक लागत असेल, तर मागच्या लायनरचं अ‍ॅडजस्टमेंट आधी तपासा. हवा काढताना एक पथ्य पाळा: जुन्या गाडीचं पेडल तळापर्यंत दाबू नका. वर्षानुवर्षं सील जिथपर्यंत कधी पोहोचलंच नाही, तिथे सिलिंडरला गंज आणि खर असते. सील त्यावरून गेलं की कापलं जातं, आणि काल चालणारा मास्टर सिलिंडर आज जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हे टळतं.

ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते म्हणून लोक अलाइनमेंट करून घेतात. एरवी सरळ चालणारी गाडी फक्त ब्रेकलाच ओढत असेल, तर अडकलेला पिस्टन, तेलकट लायनर किंवा खराब होज शोधा. होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतलं रबर मात्र सुटून फुगलेलं असतं. पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जातं, पण परत येत नाही. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा आणि चाक फिरवून बघा. जाम असेल, तर ब्लीडिंगचा निपल किंचित सैल करा. चाक मोकळं झालं म्हणजे दाब आत अडकला होता. पुन्हा तसंच करून या वेळी होजचा वरचा, लोखंडी पाइपाकडचा जोड सैल करा. चाक जामच राहिलं, तर दोष होजमध्येच. नाहक कॅलिपर बदलणारे इथेच फसतात.

आवाजाचं एवढंच: पावसाळ्यातल्या सकाळची चिरचिर बहुधा डिस्कवरच्या गंजाची असते आणि चार ब्रेकांत जाते. लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखराट आला, तर गाडी तिथेच थांबवा. डिस्क कापून घ्यायची असल्यास तिच्यावर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. जुना ड्रम उघडला की हवेच्या पाइपाने धूळ उडवण्याची सवयही सोडायला हवी. पूर्वीच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि त्याची धूळ फुप्फुसात साचते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.