मॉश पिटमध्ये लोक मुद्दाम धडकतात, मग जीव जातो तो कुठे?

चाकणच्या एका कंपनीत लाईनवर काम करणारा माझा मित्र मेटलचा जबरा फॅन आहे. मोबाईलचा वॉलपेपर आयर्न मेडन, दुचाकीच्या टाकीवर मेगाडेथचं स्टिकर. पण कॉन्सर्टचं तिकीट काढताना पहिला प्रश्न काय विचारतो माहितीये? "बसायला जागा आहे का?" आमच्या ग्रुपवर यावरून त्याची पार सालं काढली गेली. त्याचं उत्तर साधं होतं. "फर्स्ट शिफ्टला आठ तास उभाच असतो रे. पैसे देऊन परत उभंच राहू का?"

हसण्यावारी गेलेला हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. हेवी रॉकच्या कॉन्सर्टमध्ये तुम्ही कुठे थांबता, यावर तुम्हाला काय ऐकू येणार हे तर ठरतंच, शिवाय गर्दी बिघडली तर तुमचं काय होणार हेही ठरतं.

आपल्या पिंपरी-चिंचवडकरांची सवय खुर्चीची. चिंचवडचं रामकृष्ण मोरे नाट्यगृह घ्या किंवा भोसरीचं अंकुशराव लांडगे सभागृह. रांग, नंबर, ठरलेली खुर्ची. शेजारच्याचा कोपर लागला तरी आपण वळून बघतो. मोठे रॉक बँड बघायचे तर मात्र बहुतेक वेळा पुण्याचं किंवा मुंबईचं मैदान गाठावं लागतं. 2010 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एनएच 7 वीकेंडरमध्ये 2019 साली ओपेथ हा स्वीडिश बँड वाजवून गेला. मे 2025 मध्ये गन्स एन' रोझेस मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर आले. अशा ठिकाणी तिकिटावर खुर्चीचा नंबर नसतो. आत शिरलात की जिथे उभे राहाल ती तुमची जागा, आणि तीही पुढचा धक्का बसेपर्यंतच.

मुंबईत एकेकाळी दोन्हीच्या मधला एक प्रकार होता. धोबी तलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह. 1986 मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉकच्या आठवणी सांगणारे काका लोक आजही रंगभवनचं नाव काढलं की हळवे होतात. आजूबाजूला हॉस्पिटलं असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमात ते बंद पडलं.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मेटलच्या गर्दीचा व्हिडिओ बघून घरच्यांना धडकी भरते ती मॉश पिटमुळे. मध्ये मोकळं वर्तुळ आणि त्यात पोरं एकमेकांवर आदळतायत. कुणी पळतंय, कुणी पडतंय. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी याच दृश्याचा अभ्यास केला आणि 2013 मध्ये तो 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नावाजलेल्या जर्नलमध्ये छापून आला. त्यांनी युट्यूबवरचे कॉन्सर्टचे व्हिडिओ घेऊन माणसांचा वेग मोजला. निघालं काय, तर मॉश पिटमधली माणसं बंद डब्यातल्या वायूच्या रेणूंसारखी वागतात. दिशा कुठलीही, टक्कर कुणाशीही, पण एकूण वेगांचं गणित अगदी पाठ्यपुस्तकातलं. सगळे एकाच दिशेने गोल पळतात त्या सर्कल पिटमध्ये मात्र गणित पक्ष्यांच्या थव्यासारखं होतं. गंमत म्हणजे त्यांनी पाहिलेले जवळपास सगळे सर्कल पिट घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते.

आळंदी-देहूच्या पंचक्रोशीत वाढलेल्याला गोल रिंगण नवीन नाही. भाव वेगळा, कारण वेगळं, तुलना तिथेच थांबवतो. पण मधली जागा मोकळी ठेवायची आणि कडेच्या माणसांनी ती राखायची, ही समज दोन्हीकडे दिसते. विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाभोवती दोर धरून चालणारी पोरं आठवा. पिटच्या कडेला हात पुढे करून उभे असणारे लोक तेच काम करतात, फक्त बिनदोराचं. कुणी पडलं की चार हात लगेच खाली जातात आणि त्याला उभं करतात. हा मेटलवाल्यांचा न लिहिलेला पहिला नियम. चष्मा किंवा बूट सापडला तर तो हातात उंच धरायचा, हा दुसरा.

पिटमध्ये मुका मार बसतो, पाय मुरगळतो, क्वचित दातही जातो. पण पिटमध्ये पळता येतं, म्हणजेच तिथे जागा असते. जीव जातो तो जागा संपते तिथे.

घरातली दोन बाय दोनची फरशी डोळ्यांसमोर आणा. अशा तीन फरश्या म्हणजे साधारण एक चौरस मीटर. त्यावर दोन-तीन माणसं आरामात उभी राहतात. चार-पाच झाली की अंगाला अंग लागायला लागतं. सातच्या आसपास गेलं की माणूस स्वतःच्या मर्जीने हलू शकत नाही. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभ्यासकाने सांगून ठेवलंय की या घनतेला गर्दी एखाद्या द्रवासारखी वागते. मागे कुणी थोडं रेटलं की त्याची लाट पुढपर्यंत जाते आणि वाटेत वाढत जाते. पाय जमिनीवरून उचलले जातात. अशा दुर्घटनांनंतर लोखंडी रेलिंग वाकलेली सापडली आहेत. माणसं चिरडून किंवा तुडवली जाऊन मरतात असं आपण म्हणतो, पण अनेकदा ती उभ्याउभ्याच गुदमरतात. छाती फुगायलाच जागा उरत नाही.

इथे कुणीही विचारेल, मग लोकलमध्ये काय होतं? मुंबईत पीक अवरला चौरस मीटरला 14 ते 16 माणसं असतात आणि रेल्वेने त्याला 'सुपर डेन्स क्रश लोड' असं नावही दिलंय. बरोबर आहे. पण डबा छोटा असतो. मागून रेटणारी माणसं मोजकी, धरायला दांडे आणि चारी बाजूंनी भिंती. हजारो लोकांचा जोर एका दिशेने साठत जाईल एवढी लांबी डब्यात नसते. मैदानात ती असते, जिन्यावर असते. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर 23 जण गेले ते गाडीत नाही, जिन्यावर. जून 2025 मध्ये बंगळुरूत आयपीएलच्या जल्लोषात 11 जण गेले ते चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर. मांढरदेवीची 2005 ची यात्रा तर सातारा-पुण्याकडे कुणी विसरलेलं नाही. संगीत, धर्म, क्रिकेट, गर्दीच्या शरीराला काही फरक पडत नाही.

रॉकचा इतिहासही हेच सांगतो. डिसेंबर 1979 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीला 'द हू'च्या कॉन्सर्टआधी दारातच 11 जण दगावले. तिकिटं बिननंबरी होती, आधी पोचेल त्याला पुढची जागा. बाहेर हजारो लोक आणि उघडलेली दारं मोजकी. त्या शहराने नंतर अशा तिकिटांवर बंदी घातली आणि ती थेट 2004 मध्ये उठवली. 1988 मध्ये इंग्लंडच्या डॉनिंग्टनला गन्स एन' रोझेस वाजवत असताना पुढच्या गर्दीत दोघे गेले. 2000 साली डेन्मार्कच्या रॉस्किल्ड फेस्टिव्हलला पर्ल जॅमच्या वेळी नऊ जण. बँडने वाजवणं थांबवून लोकांना मागे सरायला सांगितलं होतं, पण उशीर झाला होता. 2021 च्या अ‍ॅस्ट्रोवर्ल्डला दहा जण, आणि तो तर रॅपरचा शो होता. त्यामुळे 'हे मेटलवाले हिंसक असतात' हे वाक्य काकांना परत करावं.

आपल्याकडे ऑक्टोबर 2011 मध्ये गुडगावला मेटालिकाचा शो ऐनवेळी रद्द झाला. स्टेजपुढचं बॅरिकेड टिकलं नव्हतं. लोक प्रचंड चिडले, स्टेजवर चढून तोडफोड झाली. त्या दिवशी तिकडे गेलेल्यांचं दुःख समजू शकतो, पण बॅरिकेड पडलेलं असताना शो झाला असता तर काय झालं असतं हे आता तुम्हालाही कळलं असेल. दोन दिवसांनी तोच बँड बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर वाजला.

मग उभं राहायचं कुठे?

पहिली रांग, म्हणजे थेट रेलिंग. गिटारिस्टच्या घामाचा थेंब दिसतो. पण मागच्या सगळ्यांचा जोर शेवटी तुमच्या बरगड्यांवर येतो आणि बाथरूमला गेलात की जागा गेली. आवाजही तिथे चांगला नसतो. मोठे स्पीकर दोन बाजूंना टांगलेले असतात, तुमच्या कानावर स्टेजवरचा ड्रम आणि अँपच जास्त येतो. रेलिंगपासून पिटच्या कडेपर्यंतचा मधला पट्टा त्याहून फसवा. पिटने मधली जागा घेतली की तिथली माणसं याच पट्ट्यात दाबली जातात. पिट स्वतः धोक्याचा नसला तरी त्याची किंमत पुढचे मोजतात, हे मेटलवाल्यांनी मान्य करायला हवं.

माझं मत विचाराल तर साउंड इंजिनिअरचा तंबू दिसला की त्याच्या आसपास उभं राहा. तो माणूस तिथे बसूनच आवाज जुळवतो, त्यामुळे त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हाला येतं. स्टेजकडे तोंड करून बाजूला सरकलेली जागाही चांगली, कारण रेटा सहसा मधोमध जास्त असतो. आत शिरताना बाहेर पडायचे दोन रस्ते बघून ठेवा, आलो त्याच गेटने सगळे परत धावतात.

हात वर करून डोकं खाजवता येतंय का, ही साधी परीक्षा. नाही जमलं तर आवडतं गाणं सुरू असलं तरी निघा. रेट्याच्या विरुद्ध जोर लावू नका. हात बॉक्सरसारखे छातीपुढे धरा म्हणजे श्वासाला जागा राहील. लाट ओसरली की तिरकं, कडेच्या दिशेने सरका. मोबाईल पडला तर पडू दे. वाकायचं नाही. ओरडण्यात दम घालवण्यापेक्षा हात हलवून गार्डला खुणावलेलं बरं. कुणी बेशुद्ध दिसलं तर त्याला डोक्यांवरून पुढे रेलिंगकडे सरकवतात, तिथे गार्ड उतरवून घेतात.

आणि कान. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या निकषाप्रमाणे 100 डेसिबलला 15 मिनिटं ही मर्यादा आहे, आणि मेटलचा शो त्यावर सहज जातो. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला हे सांगायला नको. कंपनीत जे इअरप्लग घालता, तेच खिशात टाका. गाणं बंद होत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत नाही.

मित्राने शेवटी उभ्याचंच तिकीट काढलं, कारण बसायच्या तिकिटाची किंमत ऐकून तो उभाच राहिला. पण सोबत फोल्डिंग स्टूल नेऊ का म्हणून ग्रुपवर विचारत होता. गर्दीत स्टूल म्हणजे अडखळायची हमी. त्याला तिथेच नाही म्हटलं आणि साउंडच्या तंबूजवळ भेटायचं ठरवलं.